हजेरीपट आणि हिशेब : सार्वजनिक कामांवरील भ्रष्टाचार व श्रमिकांचा प्रतिकार (१८७३ ते २०२५)

प्रस्तावना

राजकीय भ्रष्टाचाराची सार्वजनिक चर्चा बहुधा रकमांच्या भाषेत होते. घोटाळ्याचा आकडा जितका मोठा, तितकी तिची तीव्रता अधिक. या चर्चेत मंत्री, अधिकारी, कंत्राटदार, न्यायालये आणि वृत्तपत्रे दिसतात. परंतु ज्याच्या हातावरच्या घट्ट्यांतून त्या रकमेचा एक अंश प्रत्यक्षात कापला गेलेला असतो, तो मजूर क्वचितच दिसतो. श्रमिकाचा भ्रष्टाचाराशी येणारा संबंध कोट्यवधींच्या आकड्यांतून येत नाही. तो एका साध्या कागदातून येतो. कामावर कोण आले, किती दिवस आले आणि त्यांना किती मजुरी देय झाली, हे ज्यावर लिहिले जाते तो हजेरीपट, म्हणजेच ग्रामीण बोलीतील 'मस्टर', हा तो कागद होय.

प्रस्तुत लेखात सार्वजनिक कामांवरील हजेरीपटाच्या आधारे भ्रष्टाचार व श्रमिक यांच्या संबंधाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. भ्रष्टाचाराविषयीच्या वैफल्याला भारतात दोन वाटा फुटल्या, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. पहिली वाट करदात्या मध्यमवर्गाची. पैसा खाल्ला जातो, तेव्हा योजनाच आवरती घ्यावी किंवा वरून एखादा सामर्थ्यवान नियंत्रक नेमावा, या निष्कर्षाकडे ती जाते. दुसरी वाट मजुरांची. काम बंद पडणे त्यांना परवडणारे नसते. म्हणून काम चालू राहावे आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर उघडा व्हावा, अशी मागणी त्यांनी केली. माहितीचा अधिकार ही स्वतंत्र भारतातील एक महत्त्वाची लोकशाही उपलब्धी मुख्यत्वे या दुसऱ्या वाटेवरून आली, ही गोष्ट विस्मरणात जाऊ देणे योग्य ठरणार नाही.

कागद, अक्षर आणि सत्ता : फुल्यांची साक्ष

सार्वजनिक कामांवरील लुबाडणूक ही स्वातंत्र्योत्तर काळाची निर्मिती नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी राजवटीने रस्ते, पूल, कालवे व धरणे यांची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. त्यासाठी उभ्या राहिलेल्या सार्वजनिक बांधकाम खात्याला तेव्हा 'इंजिनियर खाते' म्हणत. या खात्याच्या कारभाराची मराठीतील एक महत्त्वाची टीका महात्मा जोतीराव फुले यांची आहे. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी' या ग्रंथाला जोडलेल्या रचनांमध्ये इंजिनियर खात्यातील ब्राह्मण कामगारांच्या लबाडीवर लिहिलेला एक पोवाडा आहे. फुले या विषयाकडे केवळ सुधारक म्हणून पाहत नव्हते. सरकारी बांधकामांना माल पुरवण्याचा व कंत्राटे घेण्याचा व्यवसाय त्यांनी केला होता. कामाच्या जागी काय चालते हे त्यांना जवळून ठाऊक होते.

येथे एका शब्दाची नोंद घेणे उद्बोधक ठरेल. फुल्यांच्या मराठीत 'कामगार' म्हणजे सरकारी कामावर नेमलेला अंमलदार वा कारकून. अंगमेहनत करणाऱ्यासाठी 'मजूर', 'बिगारी' हे शब्द होते. पुढे 'कामगार' हा शब्द गिरणीत व कारखान्यात राबणाऱ्यांसाठी रूढ झाला. शब्दाचा हा प्रवास बाजूला ठेवला तरी त्यामागची परिस्थिती स्पष्ट आहे : एकाच कामावर एक लिहिणारा होता व एक राबणारा होता, आणि लिहिणाऱ्याच्या लेखणीवर राबणाऱ्याची भाकरी अवलंबून होती. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही फुल्यांनी निरक्षर शेतकरी आणि कागदपत्रांवर प्रभुत्व असलेला नोकरवर्ग यांच्यातील विषम संबंधाचे विस्तृत विवेचन केले आहे. त्यांच्या टीकेचा रोख जातीच्या मक्तेदारीवर होता. ती मक्तेदारी पुढील शतकात काही प्रमाणात सैल झाली. परंतु तिच्या मुळाशी असलेले सूत्र, म्हणजे नोंद ज्याच्या हाती त्याची सत्ता, हे कायम राहिले. नवे पुढारी, नवे अभियंते व नवे कंत्राटदार आले तरी हजेरीपट मजुराला दाखवण्याची पद्धत आली नाही.

दुष्काळ आणि रोजगाराची हमी

१९७० ते १९७३ या काळातील महाराष्ट्रातील दुष्काळ, विशेषतः १९७२-७३ चे वर्ष, ग्रामीण स्मृतीत आजही 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणून जिवंत आहे. खडी फोडण्याची केंद्रे, पाझर तलाव, बांधबंदिस्ती व रस्ते यांची कामे गावोगावी निघाली. कामांवर सुकडी वाटली गेली. मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. इतक्या मोठ्या प्रमाणावर मजुरी देऊन भूकबळी टाळण्याचा हा प्रयत्न दुष्काळ-निवारणाच्या अभ्यासकांनी पुढे वाखाणला.

याच काळात वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला राज्यव्यापी रूप आले. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला काम, ही त्यांची भूमिका होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये योजना सुरू झाली. १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मधील कामाच्या हक्काचे मार्गदर्शक तत्त्व देशात प्रथमच एखाद्या राज्याने कायद्याच्या चौकटीत आणले.

योजनेच्या खर्चाची व्यवस्था नागरी उत्पन्नाशी जोडलेली होती. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. त्याच्या जोडीला इतर काही कर व अधिभार आले आणि जमा रकमेइतकीच भर राज्य शासनाने घालावी, असे ठरले. महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या वेतनपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये वजा होताना दिसतात, त्या कपातीचा उगम या इतिहासात आहे. नगरातील पगारदार आणि माळरानावर बांध घालणारी मजूर स्त्री यांच्यात या करामुळे एक नाते निर्माण झाले. मात्र हे नाते दोघांनाही क्वचितच जाणवले.

चोरीची रीत

सार्वजनिक कामावरील भ्रष्टाचार मजुराच्या पदरात नेमका कसा पडतो, हे समजण्यासाठी मजुरी ठरण्याची पद्धत लक्षात घ्यावी लागते. रोजगार हमीच्या कामांवर मजुरी सामान्यतः दिवसावर नव्हे, तर झालेल्या कामाच्या मोजमापावर दिली जाई. मजुरांचा गट खोदकाम करी. शाखा अभियंता किंवा त्याचा सहायक लांबी, रुंदी व खोली मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंद करी. दरपत्रकानुसार गटाची एकूण मजुरी निघे. आणि हजेरीपटावरील नावांप्रमाणे तिची वाटणी होई. म्हणजे मजुराची कमाई दोन कागदांवर अवलंबून होती, आणि दोन्ही त्याच्या ताब्याबाहेर होते.

या दोन कागदांमधून चोरीच्या निरनिराळ्या वाटा निघतात. हजेरीपटावर कामावर न आलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची किंवा मृतांची नावे चढवली जातात. त्यांचे अंगठे दुसरेच कोणी उठवतात. प्रत्यक्ष झालेले काम कमी मोजले जाते, किंवा कठीण मुरूम लागला असताना मऊ मातीचा दर लावला जातो. काही वेळा उलट घडते : न झालेले काम पूर्ण झाल्याचे दाखवले जाते आणि त्याची रक्कम वाटून घेतली जाते. याखेरीज मजुरी आठवडेच्या आठवडे थकवली जाते. तेवढ्या काळात मजूर सावकाराकडे वा किराणा दुकानदाराकडे उधारीत अडकतो.

बोगस नावांमुळे नुकसान केवळ शासनाचे होते, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. ठरावीक मोजमापाची मजुरी अधिक नावांमध्ये विभागली गेली की खऱ्या मजुराचा वाटा घटतो. ज्याच्या नावे कागदावर काम दिले गेले, त्याची कामाची मागणी पूर्ण झाल्याचे गृहीत धरले जाते. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा हक्क दिला, तेव्हा हे अधिक ठळक झाले : एखाद्या कुटुंबाच्या नावे खोटे ३० दिवस चढले, तर त्याच्या हक्काचे ३० दिवस चोरीला गेले. शेवटचे नुकसान गावाचे असते. जो पाझर तलाव फक्त कागदावर भरतो, तो उन्हाळ्यात विहिरीला पाणी देत नाही.

'अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही'

महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेवर एक वचन सर्वतोमुखी झाले : 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही.' या वचनातील विनोद सर्वांना कळतो. त्यातील वैफल्यही कळते. परंतु त्यातील गणिताकडे सहसा लक्ष जात नाही. 'तुम्ही' म्हणजे पुढारी आणि 'आम्ही' म्हणजे अंमलदार, अथवा उलट, असे मानले तर दोन अर्ध्यांची बेरीज पूर्ण होते आणि मजुरासाठी काहीच उरत नाही. भ्रष्टाचारावरील लोकप्रिय विनोदातूनही मजूर वगळला गेला होता.

या वचनाचा आणखी एक परिणाम झाला. योजना म्हणजे खाण्याचे कुरण, ही प्रतिमा पक्की झाली आणि तिच्याविषयी सुशिक्षित वर्गात एक प्रकारची उपेक्षा निर्माण झाली. योजनेतील गैरव्यवहार खरे होते. त्यांची नोंद विधिमंडळातील चर्चांत आणि वृत्तपत्रांत वारंवार झाली. परंतु त्या नोंदीतून निघणारा निष्कर्ष मजुरांच्या निष्कर्षापेक्षा वेगळा होता. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरातील श्रमिक संघटना, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू भागातील कष्टकरी संघटना आणि डाव्या पक्षांच्या शेतमजूर संघटना यांनी हमीच्या कामांसाठी मोर्चे काढले, तहसील कचेऱ्यांवर धरणे धरले, कामे सुरू करून घेतली. मालकाच्या शेतावर मिळेल त्या मजुरीला राबण्याऐवजी सरकारी कामाचा पर्याय असणे, ही आदिवासी व भूमिहीन मजुरांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. योजना सदोष होती, तरीही ती त्यांची होती. तिच्यातील चोरी हे ती बंद करण्याचे कारण त्यांना वाटले नाही.

मजुरीपासून माहितीपर्यंत : राजस्थान

महाराष्ट्राने कामाचा हक्क कायद्यात आणला. परंतु हजेरीपट उघडा करण्याची लढाई राजस्थानात निर्णायकपणे लढली गेली. तिची सुरुवात किमान वेतनाच्या प्रश्नातून झाली. अजमेर जिल्ह्यातील दुष्काळी रस्त्याच्या कामावर मजुरांना तेव्हाच्या ७ रुपयांच्या किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली जात होती. 'संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य' या १९८३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी मोबदला देणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेली वेठबिगारी होय. दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट देणारा राज्याचा १९६४ चा कायदा या बाबतीत टिकला नाही.

निर्णय झाला, पण कामाच्या जागी मजुरी कमीच मिळत राहिली. १९८७ मध्ये अरुणा रॉय, निखिल डे व शंकर सिंह हे कार्यकर्ते देवडूंगरी या गावी राहू लागले. १ मे १९९० रोजी भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली. किमान वेतनासाठी संघटनेने उपोषणे केली. प्रत्येक वेळी अधिकाऱ्यांचे उत्तर एकच असे : मजुरांनी पुरेसे काम केले नाही, तसे मोजमाप पुस्तिकेत नोंदले आहे. ती पुस्तिका दाखवा, असे म्हटल्यावर ती शासकीय व गोपनीय असल्याचे सांगितले जाई. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याची छाया गावच्या हजेरीपटापर्यंत पोहोचली होती. या अनुभवातून मजुरांनी जो निष्कर्ष काढला तो साधा होता : नोंद पाहता येत नाही तोवर मजुरी मिळणार नाही.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली. मिळवलेल्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. हजेरीपटावरील नाव उच्चारले जाई आणि ती व्यक्ती उभी राहून सांगे की आपण त्या कामावर गेलोच नव्हतो, किंवा गेलो होतो पण पैसे मिळाले नाहीत. मृतांच्या नावे काढलेली मजुरी उघड झाली. पुढील काही महिन्यांत अशा आणखी सुनावण्या झाल्या. ग्रामसेवकांच्या संघटनांनी नोंदी दाखवण्यास विरोध केला, यावरूनच त्या नोंदींचे मोल स्पष्ट होते.

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विकासकामांच्या नोंदींच्या प्रती नागरिकांना देण्याची घोषणा केली. वर्षभर ती कागदावरच राहिली, तेव्हा ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर येथे धरणे सुरू झाले आणि ते ४० दिवस चालले. गावागावांतून धान्य आले, शहरातील भाजीविक्रेते व दुकानदार मदतीला आले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा या लढ्यातली. १९९७ मध्ये जयपूर येथे पुन्हा दीर्घ धरणे झाले. त्याच्या अखेरीस शासनाने जाहीर केले की पंचायतीच्या नोंदींच्या प्रती देण्याची अधिसूचना आधीच निघाली आहे. माहिती देण्याचा आदेशच जनतेपासून महिनोनमहिने दडलेला राहिला होता. २००० मध्ये राजस्थानने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला.

या लढ्याचे वैचारिक महत्त्व असे की, तोपर्यंत माहितीचे स्वातंत्र्य हा वृत्तपत्रे, वकील व विचारवंत यांचा विषय मानला जात होता. तो मजुरीचा विषय आहे, हे निरक्षर स्त्री-पुरुषांनी सिद्ध केले. फुल्यांनी ज्या कागदाच्या सत्तेवर बोट ठेवले होते, तिच्यावरचा उपाय सव्वाशे वर्षांनी राबणाऱ्यांनीच शोधला.

महाराष्ट्रातील कायदा आणि २००५ ची दोन पावले

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराची मागणी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांतून पुढे आली. राज्याचा २००० चा पहिला कायदा कमकुवत ठरला. त्याच्या जागी २००२ चा सुधारित कायदा आला. ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हजारे यांचे उपोषण चालू असताना त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्राचा माहिती स्वातंत्र्य कायदा, २००२ मात्र कधीच अंमलात आला नाही.

२००५ हे वर्ष या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे ठरते. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत झाला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. महाराष्ट्राच्या अनुभवातून कामाची हमी आणि राजस्थानच्या अनुभवातून हिशेबाची हमी, असे दोन धागे येथे एकत्र विणले गेले. रोजगार कायद्याच्या कलम १७ ने ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण बंधनकारक केले. धरण्यावरची जनसुनावणी कायद्याच्या पुस्तकात पोहोचली. आंध्र प्रदेशाने त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. अन्य अनेक राज्यांत मात्र अंकेक्षण औपचारिकतेपुरते राहिले.

हिशेब मागण्याची किंमत काही ठिकाणी जिवाने मोजावी लागली. झारखंडच्या पलामू भागात ललित मेहता हे तरुण अभियंते रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणात सहभागी होते. १४ मे २००८ रोजी त्यांची हत्या झाली. अंकेक्षण तरीही पार पडले.

पडद्यावरची हजेरी

कायद्यानंतर भ्रष्टाचार संपला नाही. त्याने रूप बदलले. मजुरी रोखीऐवजी बँक व टपाल खात्यांतून देण्याची पद्धत आली, त्यामुळे मजुरी वाटणारा हात आणि काम करवून घेणारा हात वेगळे झाले. ही सुधारणा लक्षणीय होती. पुढे हजेरी भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे छायाचित्रांसह नोंदवण्याची व्यवस्था २०२१ मध्ये सुरू होऊन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली. १ जानेवारी २०२४ पासून आधार-आधारित मजुरी बंधनकारक करण्यात आली. जुळणीतील त्रुटी, नेटवर्कचा अभाव आणि नावांतील फरक यांमुळे खऱ्या मजुरांची हजेरी व मजुरी बुडाल्याच्या तक्रारी झाल्या. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून मान्य केले की, कामाशी असंबद्ध छायाचित्रे आणि छायाचित्रांचीच छायाचित्रे चढवून हजेरी दाखवली जात आहे. कागदावरचा बोगस मजूर पडद्यावर आला. तंत्रज्ञानाने नोंद अधिक वेगवान केली, पण ती गावासमोर मोठ्याने वाचली जाण्याची जागा ते घेऊ शकले नाही.

शिक्षा कोणाला?

भ्रष्टाचाराविरुद्धच्या पहिल्या वाटेची मर्यादा पश्चिम बंगालच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. योजनेतील गैरव्यवहारांच्या कारणावरून केंद्राने मार्च २०२२ मध्ये रोजगार कायद्याच्या कलम २७ चा आधार घेऊन राज्याचा निधी थांबवला. गैरव्यवहारांची चौकशी व वसुली आवश्यक होती, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी काम केले होते त्यांची मजुरी अडली आणि ज्यांना काम हवे होते त्यांना तीन वर्षांहून अधिक काळ ते मिळाले नाही. अनेकांपुढे स्थलांतराखेरीज पर्याय राहिला नाही. १८ जून २०२५ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ पासून योजना पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला. चौकशी चालू ठेवण्यास व अटी घालण्यास केंद्राला मुभा ठेवली, परंतु योजना अनिश्चित काळ गोठवून ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे केंद्राचे अपील फेटाळले. चोरी ज्यांनी केली ते आणि काम ज्यांचे थांबले ते, हे दोन वेगळे वर्ग होते. 'अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही' या वचनात मजूर जसा गैरहजर होता, तसा तो या उपाययोजनेतही गैरहजर होता.

वरून नियंत्रक नेमण्याच्या मागणीचे मूल्यमापनही या संदर्भात करता येईल. २०११ मध्ये दिल्लीत लोकपालासाठी झालेल्या आंदोलनाने नागरी मध्यमवर्गाचा संताप रस्त्यावर आणला. लोकपाल कायदा २०१३ च्या अखेरीस संमत झाला. पहिल्या लोकपालांची नियुक्ती मात्र मार्च २०१९ मध्ये झाली. उच्चपदस्थांच्या चौकशीसाठी अशी संस्था आवश्यकच आहे. परंतु गावच्या बांधावरील मोजमाप ती तपासू शकत नाही. ते काम मोजमाप ज्याचे झाले त्यालाच करावे लागते, आणि त्यासाठी त्याच्या हाती नोंद असावी लागते.

म्हणूनच अलीकडील एका बदलाकडे दुर्लक्ष करता येत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये दुरुस्ती केली. ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. पूर्वी वैयक्तिक माहिती सार्वजनिक कार्याशी संबंधित असल्यास किंवा व्यापक जनहित असल्यास देता येत असे. दुरुस्तीनंतर वैयक्तिक माहितीला सरसकट अपवाद मिळाला. जनहिताचा आधार कलम ८(२) मध्ये राहिला असला तरी त्याचा भार मागणाऱ्यावर वाढला. खासगीपणाचे संरक्षण हे घटनात्मक मूल्य आहे. परंतु हजेरीपट हा नावांचाच कागद असतो. नावे झाकलेला हजेरीपट वाचून कोट किराना येथे कोणीही उभे राहू शकले नसते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले आणि खर्चातील राज्यांचा वाटा वाढला. दिवसांची संख्या वाढणे स्वागतार्ह आहे. ते दिवस कोणाच्या नावावर चढतात, हे गावाला पाहता येईल की नाही, यावर त्यांचे खरे मोल ठरेल.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी लक्षात येतात. पहिली, सार्वजनिक कामांवरील भ्रष्टाचार हा नैतिक अधःपाताइतकाच नोंदीवरील मक्तेदारीचा प्रश्न आहे. फुल्यांच्या काळापासून त्याचे स्वरूप बदलले, मूळ सूत्र बदलले नाही. दुसरी, त्याचा भार करदात्यापेक्षा मजुरावर अधिक पडतो, कारण करदात्याचा पैसा जातो, तर मजुराची मजुरी, हक्काचे दिवस आणि गावाचे पाणी अशी तिन्ही जातात. तिसरी, श्रमिकांचे वैफल्य उदासीनतेत संपले नाही, ते हिशेबाच्या मागणीत रूपांतरित झाले आणि त्यातून सर्व नागरिकांना उपयोगी पडणारा अधिकार निर्माण झाला. आज शिक्षक आपल्या सेवापुस्तिकेसाठी, विद्यार्थी आपल्या उत्तरपत्रिकेसाठी आणि निवृत्त कर्मचारी आपल्या निवृत्तिवेतनासाठी जो अर्ज करतात, त्यामागे खडी फोडणाऱ्या आणि बांध घालणाऱ्या हातांचे ऋण आहे.

भ्रष्टाचार आहे म्हणून श्रमिकांच्या योजना बंद कराव्यात, हा युक्तिवाद सुशिक्षितांच्या बैठकांत आजही सहज केला जातो. इतिहासाची साक्ष त्याच्या विरुद्ध जाते. चोरी थांबवण्याचा जो उपाय श्रमिकांनी सुचवला व सिद्ध केला, तो काम चालू ठेवून कागद उघडण्याचा होता. त्या उपायाचे रक्षण करणे ही केवळ मजुरांची जबाबदारी नाही. ज्यांना कागद वाचता येतो, त्यांची ती अधिक आहे.